टाचेचे पाच थेंब आणि अर्धी गोळी

बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर काढायची नाही, ही आपल्याकडची रीत. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची पहिली तपासणी असते सहा आठवड्यांची, म्हणजे बाळ ४२ दिवसांचं झालं की. दीड महिन्याची लसही त्याच सुमाराला येते. म्हणून प्रसूतीच्या वॉर्डातच बाळाच्या लसीच्या कार्डावर आम्ही ही तारीख लिहून देतो. एचआयव्हीचा उल्लेख नाही, नुसती तारीख. लसीसाठी बाळ बाहेर न्यायला घरातलं कुणी अडवत नाही, आणि त्याच फेरीत टाचेचं रक्त घेऊन होतं. वेगळी फेरी सांगितली तर 'आता परत कशाला?' हा प्रश्न घरी उभा राहतो. सासूला माहीत नसेल तर त्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा न येणंच आईला सोपं वाटतं, आणि बाळ आमच्या हातून निसटतं.

नेहमीची एचआयव्ही चाचणी रक्तातल्या अँटिबॉडी शोधते. आईच्या अँटिबॉडी गरोदरपणातच वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे दीड महिन्याच्या बाळाची साधी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्यातून आईला लागण आहे एवढंच कळतं. बाळाला ती आहे की नाही, हे त्या कागदावर कुठेच नसतं. तरी असा कागद हातात घेऊन, सुतक असल्यासारखे चेहरे करून आलेली कुटुंबं आम्हाला भेटतात. १८ महिन्यांच्या आत शोधायचा तो विषाणूच: त्याचं डीएनए आणि आरएनए, पीसीआर तपासणीने. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ही सोय २०१० पासून आहे, मोफत आहे, आणि पुण्याजवळ भोसरीला असलेली, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे 'नारी' या नावाने ओळखली जाणारी संस्था हे काम करणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक.

सहा आठवडेच का, तर प्रसूतीच्या वेळी लागण झालेल्या बाळाच्या रक्तात पहिल्या काही दिवसांत विषाणू इतका थोडा असतो की पीसीआरलाही सापडत नाही. सहा आठवड्यांपर्यंत पोटात किंवा जन्मताना झालेली लागण जवळपास सगळी दिसून येते. पुढे अंगावरच्या दुधातून होणारी लागण राहते, म्हणून सहाव्या महिन्याला आणि बाराव्या महिन्याला पुन्हा तपासणी, आणि १८ महिन्यांना अँटिबॉडीची अखेरची चाचणी. सहा आठवड्यांचा रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड' आला की बरीच कुटुंबं पुन्हा फिरकत नाहीत. सुटका झाली असं त्यांना वाटतं. दूध चालू आहे तोवर तपासणी संपत नाही, हे त्या आनंदाच्या क्षणीच सांगावं लागतं. हातात लाडू असलेल्या आजीसमोर ते सांगणं जड जातं, पण त्याच दिवशी सांगायला हवं.

आता प्रत्यक्ष रक्त घेणं. कार्ड असतं जाड, टीपकागदासारखं, त्यावर पाच गोल. टोचण्याआधीच कार्डावर बॉलपेनने कोड, जन्मतारीख आणि नमुन्याची तारीख लिहून घ्यायची, कारण नंतर एका हातात रडणारं बाळ असतं. गोलांना बोट लावायचं नाही, कार्ड कडेला धरायचं. हातमोजे पावडर नसलेले हवेत, कारण पावडर कार्डावर पडली की पीसीआरमध्ये अडथळा येतो. बाळाला आधी पाजून घ्यायचं. आईने त्याला उभं, छातीशी धरायचं आणि पाय खाली लोंबता ठेवायचा. थंडीत तळवे गार असतात, तेव्हा कोमट पाण्यात पिळलेला कपडा टाचेला तीन-चार मिनिटं गुंडाळायचा. एवढ्याने रक्त किती सुटं येतं, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

टोचायची जागा टाचेच्या खालच्या बाजूला, आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. टाचेच्या मधोमध किंवा मागच्या गोलाईवर कधीच नाही: तिथे हाड कातडीच्या लगेच खाली असतं आणि हाडाला संसर्ग होऊ शकतो. लॅन्सेटचं, म्हणजे टोचायच्या छोट्या सुईचं, टोक २ मिलिमीटरपेक्षा खोल जाणारं नको. स्पिरिटने पुसल्यावर ते पूर्ण वाळू द्यायचं. पहिला थेंब कोरड्या गॉजने टिपून टाकायचा. दुसरा थेंब मोठा होऊ द्यायचा, आपोआप लोंबेपर्यंत, आणि मग गोलाच्या मध्यावर सोडायचा. एका थेंबात गोल भरला पाहिजे. एका गोलात साधारण ७५ मायक्रोलिटर रक्त मावतं, आणि कार्ड उलटं केलं तर मागूनही डाग तितकाच दिसायला हवा. बाळाचं वजन ५ किलोच्या पुढे असेल तर टाचेऐवजी पायाचा अंगठा, १० किलोच्या पुढे हाताचं बोट.

चुका ठरलेल्या आहेत. रक्त येईना म्हणून टाच पिळली की पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि नमुना पातळ होतो. गोल भरला नाही म्हणून त्यावरच दुसरा थेंब सोडला की रक्ताचे थर बसतात. स्पिरिट ओलं राहिलं तर डागाभोवती फिकट कडं उमटतं. अशी कार्डं प्रयोगशाळा नाकारते आणि बाळाला पुन्हा बोलवावं लागतं. दीड महिन्याच्या बाळाच्या बाबतीत 'पुन्हा या' म्हणजे अनेकदा महिनाभराची दिरंगाई.

पाच गोल भरले की कार्ड आडवं, मोकळ्या हवेत, कशालाही न टेकता किमान चार तास वाळवायचं. उन्हात नाही, हीटरपुढे नाही. लाल रंग गडद चॉकलेटी झाला की कार्ड वाळलं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चार तासांत काहीच वाळत नाही. तिथे रात्रभर ठेवावं लागतं आणि मुंग्या-माश्यांपासून जपावं लागतं. मग मध्ये गुळगुळीत ग्लासिन कागद, झिपची पिशवी, ओल शोषणाऱ्या पुड्या आणि ओलीचं निदर्शक कार्ड. त्यावरचा निळा ठिपका गुलाबी झाला की पुड्या बदलायच्या. ओलसर कार्ड बंद केलं तर बुरशी येते.

आणखी एक घोळ खास आपला आहे. जन्मल्यावर बाळाची नोंद 'बेबी ऑफ' अशी आईच्या नावाने होते. त्यातही काही ठिकाणी माहेरचं आडनाव, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि सहाव्या आठवड्याला बाळ नव्या नावाने, वडिलांच्या आडनावाने येतं. कार्डावर एक नाव, फॉर्मवर दुसरं, रजिस्टरमध्ये तिसरं. नमुना घेताना आईचा जुना नोंदणी क्रमांक मागून घ्यायचा आणि तिन्ही कागदांवर तोच लिहायचा.

तपासणीपर्यंतच्या दीड महिन्यात बाळाला लागण टाळण्यासाठी नेव्हिरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाचं सिरप चालू असतं, जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू केलेलं. सिरपच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध. जन्मवजन अडीच किलोच्या वर असेल तर दिवसातून एकदा १.५ मिली, दोन ते अडीच किलो असेल तर १ मिली, दोन किलोच्या खाली किलोमागे २ मिलिग्रॅम. कमीत कमी सहा आठवडे. आईचं औषध उशिरा सुरू झालं असेल किंवा तिचा व्हायरल लोड, म्हणजे १ मिली रक्तातली विषाणूंची संख्या, प्रसूतीच्या सुमाराला हजाराच्या वर असेल, तर जोडीला झिडोवुडिन हे दुसरं औषध येतं आणि मुदत १२ आठवड्यांपर्यंत वाढते. सहा आठवडे सिरप देण्यामागे जो अभ्यास आहे, तो इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजमध्येही झाला होता. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले.

इथली चूक मिली आणि मिलिग्रॅमची. '१५' हा आकडा चिठ्ठीवर दिसतो आणि कुणीतरी १५ मिली भरतं, नाहीतर '१.५' मधलं टिंब पुसट असतं. म्हणून सिरिंजवर जिथपर्यंत भरायचं तिथे आम्ही पक्क्या मार्करने रेघ ओढतो आणि आईकडून आमच्यासमोर एकदा भरून घेतो. आजी बाळाला सांभाळणार असेल तर आजीकडूनही. घरी कळू नये म्हणून बाटलीवरचं लेबल खरवडण्याची पद्धत सर्रास आहे. ती भीती आम्ही समजू शकतो, पण दोन बिनलेबलाच्या बाटल्या एकत्र आल्या की अदलाबदल ठरलेली. लेबल काढायचंच असेल तर झाकणाला वेगवेगळ्या रंगांचा दोरा बांधायला सांगतो.

आणि घुटी. बाळाला मध चाटवणं, घुटी उगाळून देणं, वरचं पाणी, गायीचं दूध: पहिल्या सहा महिन्यांत हे काहीही नको, नुसतं अंगावरचं दूध. वरच्या पदार्थांनी आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि मग दुधातल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते. आई औषध नीट घेत असेल तर अंगावरचं दूधच चांगलं. उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, आणि आईचं औषध व बाळाचं सिरप दोन्ही नेमाने चाललं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. सहाव्या आठवड्याला अशा सगळ्याच बाळांना कोट्रिमोक्साझोलचं सिरपही सुरू होतं: ५ किलोच्या आत रोज अडीच मिली, ५ ते १० किलोला ५ मिली. हे एचआयव्हीवरचं औषध नाही. ते एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवतं, त्याबद्दल पुढे.

रिपोर्टवर 'डिटेक्टेड' लिहून आलं की त्याच दिवशी फोन जातो. फोन उचलणारी व्यक्ती आईच आहे याची खात्री झाल्याशिवाय काही बोलायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा गोपनीयतेबाबत कडक आहे आणि तो नसता तरी हेच करावं लागलं असतं. फोनवर एवढंच: "ताई, बाळाला घेऊन उद्या या." खात्रीसाठी दुसरा नमुना घेतात. पण जागतिक आरोग्य संघटनेची सूचना स्पष्ट आहे की दुसरा रिपोर्ट येईपर्यंत औषध रोखून धरू नये. हिमोग्लोबिन, यकृताची तपासणी, सीडी-४ (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) यांसाठी रक्त घेतलं जातं, पण त्यांच्याही निकालासाठी थांबायचं नाही.

एवढी घाई का, हे आई-वडिलांना पटवणं कठीण असतं, कारण समोरचं बाळ गुटगुटीत असतं, हसत असतं. मोठ्या माणसात लागण झाल्यावर काही महिन्यांत शरीर विषाणूला बऱ्यापैकी आवर घालतं आणि पुढे बरीच वर्षं लक्षणांविना जाऊ शकतात. बाळात तसं होत नाही. त्याची रोगप्रतिकारशक्ती अजून घडत असते. व्हायरल लोड काही आठवड्यांत मिलीमागे लाखांवर, कधी दहा लाखांवर जातो, आणि उपचार नसतील तर वर्ष-दोन वर्षं चढाच राहतो. उपचार न मिळालेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिला वाढदिवस पाहत नाहीत आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत निम्म्याहून अधिक दगावतात. सर्वाधिक मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या आसपास होतात. ज्यांना पोटातच लागण झाली त्यांचा आजार सहसा जास्त वेगाने जातो. म्हणूनच पाच वर्षांखालच्या एचआयव्हीबाधित मुलांना, उपचारांवर स्थिर होईपर्यंत, प्रगत आजाराच्या गटातच धरतात.

औषध लगेच सुरू करायचं की थांबून पाहायचं, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत केप टाउन आणि सोवेटो इथे झालेल्या 'चेर' अभ्यासाने निकालात काढला. ६ ते १२ आठवड्यांची ३७७ बाळं, सगळ्यांचं सीडी-४ प्रमाण २५ टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे कागदावर चांगली. काहींना लगेच औषध, काहींना सीडी-४ उतरल्यावर किंवा लक्षणं दिसल्यावर. थांबवलेल्या १२५ बाळांपैकी २० गेली, लगेच सुरू केलेल्या २५२ पैकी १०. मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी, आजाराची वाढ ७५ टक्क्यांनी कमी. फरक इतका ठळक होता की २००७ मध्येच 'थांबा आणि पाहा' हा गट बंद करावा लागला, आणि २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाखालच्या प्रत्येक बाधित बाळाला ताबडतोब उपचार द्या असं सांगितलं. 'बाळ चांगलं दिसतंय, महिनाभर बघू' असं कुणी सुचवलं की आम्ही हेच आकडे पुढे ठेवतो. तीही बाळं चांगलीच दिसत होती.

लवकर सुरुवातीचं आणखी एक कारण मेंदू. विषाणू मेंदूत फार लवकर पोचतो. मान धरायला उशीर, डोक्याचा घेर न वाढणं, बसायला लागलेलं बाळ पुन्हा बसेनासं होणं ही त्याची चिन्हं. गेलेलं कौशल्य नंतरच्या औषधाने पूर्ण परत येईल याची खात्री नसते. त्यामुळे वजनाबरोबर दर फेरीला टेपने डोक्याचा घेर मोजायचा. ही अर्ध्या मिनिटाची मोजणी गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी गळते, आणि ती गळू नये यासाठी आम्ही आग्रही आहोत.

औषध सुरू करताना पहिलं काम: नेव्हिरापिनचं सिरप बंद. ते लागण टाळण्यासाठी होतं. लागण झालेल्या बाळात एकटं नेव्हिरापिन चालू राहिलं तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो. याच कारणामुळे बाळांच्या उपचारात नेव्हिरापिनऐवजी आधी लोपिनाविर-रिटोनाविर आलं. त्याचं सिरप म्हणजे आयांची परीक्षा होती: जहर कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि ठेवायला फ्रिज हवा. आता चार आठवड्यांच्या पुढच्या आणि ३ किलोच्या वरच्या बाळाला डोल्युटेग्राविरची १० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी देता येते. २०२० च्या अखेरीस तिची जेनेरिक आवृत्ती आली. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स ही कंपनी आहे. एका बाळाचा वर्षाचा खर्च चारशे डॉलरच्या वरून ४० डॉलरच्या आत आला. सोबत अबाकाविर-लामिवुडिन ही जोडगोळी, म्हणजे दोन औषधं एकाच गोळीत.

३ ते ५.९ किलोच्या बाळाला डोल्युटेग्राविरची अर्धी गोळी दिवसातून एकदा. जोडगोळीच्या डबीवरचा आकडा, म्हणजे दोन्ही औषधांचे मिलिग्रॅम, वाचायचा: १२०/६० असेल तर एक गोळी एकदा, ६०/३० असेल तर सकाळी एक, संध्याकाळी एक. डोल्युटेग्राविरच्या गोळीवर मधोमध खाच असते. दोन्ही अंगठ्यांनी दाबली की सरळ दुभंगते, विळी-सुरी लागत नाही. उरलेली अर्धी त्याच डबीत, पुडीत बांधून नाही, कारण गोळी ओल धरते. दुसऱ्या दिवशी आधी तीच वापरायची.

देण्याची पद्धत आम्ही ओपीडीतच करून घेतो. लहान वाटीत १० मिली उकळून गार केलेलं पाणी किंवा पिळून काढलेलं आईचं दूध. गोळ्या टाकायच्या, वाटी हळू गोल फिरवायची, बोट घालायचं नाही. दोन-तीन मिनिटांत गढूळ पांढरं पाणी होतं. सिरिंजमध्ये भरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, घशात पिचकारी मारायची नाही. आता महत्त्वाचं: वाटीच्या तळाशी पांढरा थर राहतो. त्यात पुन्हा थोडं पाणी घालून, विसळून तेही पाजायचं. औषधाचा बराच भाग त्या तळाशी असतो, आणि वाटी धुऊन टाकली की रोज तेवढा डोस मोरीत जातो. भिजवल्यापासून अर्ध्या तासात संपवायचं. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही, कारण बाळ अर्धी बाटली सोडून झोपतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा. वेळ एक ठरलेली. संध्याकाळची दिवाबत्ती ही खूण बहुतेक घरांत चालते.

बाळाला लोहाचे थेंब चालू असतील तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी द्यावं, कारण लोह त्याला आतड्यात धरून ठेवतं. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. क्षयाचं औषध दुसऱ्या खिडकीवर मिळतं आणि ही गोष्ट सांगायची राहून जाते.

आता वजन, जिथे सगळ्यात जास्त बाळं चुकतात. डोस वजनावर आहे आणि बाळ दर महिन्याला सहाशे-सातशे ग्रॅमने वाढतं. ६ किलो झाले की डोल्युटेग्राविरची अर्धी गोळी थेट दीड होते. १२०/६० ची जोडगोळीही दीड. १० किलोला दोन-दोन, १४ किलोला अडीच-अडीच. अर्ध्यावरून दीड म्हणजे तिप्पट, म्हणून कितीतरी आया घरी जाऊन जुनाच डोस देत राहतात. त्यांना वाटतं, लिहिणाऱ्याची चूक झाली. चूक नाही. पहिल्या महिन्यांत बाळाचं यकृत हे औषध हळू निचरतं, म्हणून थोडं पुरतं. नंतर निचरण्याचा वेग वाढतो आणि तेवढ्याच गोळीने रक्तातलं औषध कमी पडतं. अपुऱ्या औषधात विषाणू वाढत राहतो आणि औषधाला सरावतो. हे एवढं समजावून सांगितलं की शंका राहत नाही.

त्यामुळे तराजू. आधी शून्य करायचा. "ताई, कपडे काढा, लंगोट काढा, वाळेसुद्धा." चांदीचे वाळे, कमरेची साखळी, ओला लंगोट मिळून दोनशे-अडीचशे ग्रॅम सहज होतात, आणि ५.८ आणि ६ च्या मध्ये तेवढंच अंतर असतं. उलटही तितकंच महत्त्वाचं: सलग दोन फेऱ्यांत वजन जागचं हललं नाही तर तो धोक्याचा इशारा आहे, बाळ कितीही हसतं असलं तरी. स्थिर मोठ्या रुग्णांना तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम देतात. बाळांना पहिल्या वर्षात तसं देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

पहिल्या काही महिन्यांत काय होऊ शकतं, हे आईला आधी सांगून ठेवलं तर ती घाबरून औषध बंद करत नाही. डाव्या दंडावर जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते. औषध लागू पडून प्रतिकारशक्ती जागी झाली की डाव्या काखेत गाठ येऊ शकते, कधी ती पिकते. दाखवायला आणायचं, औषध चालू ठेवायचं. अबाकाविरची गोष्ट वेगळी. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या, खोकला असं एकत्र आणि प्रत्येक डोसागणिक वाढत गेलं, तर त्याच दिवशी केंद्रावर यायचं. डॉक्टरांनी त्यामुळे अबाकाविर थांबवलं तर ते पुन्हा आयुष्यात कधी द्यायचं नाही, दुसरी वेळ जिवावर बेतू शकते. बाळाच्या औषधाच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहावं.

कोट्रिमोक्साझोल ज्यापासून वाचवतं तो न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गाठतो. सर्दी-खोकला किरकोळ, छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाज जवळपास स्वच्छ, आणि बाळ मात्र धापा टाकतं, ऑक्सिजन खाली. आईला श्वास मोजायला शिकवतो: बाळ शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या पुढे मिनिटाला ५० किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी दवाखाना. बाधित बाळाला हे सिरप किमान पाच वर्षांचं होईपर्यंत चालतं. ते 'खोकल्याचं औषध' समजून खोकला गेल्यावर बंद केलेली घरं आम्हाला माहीत आहेत.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड. मिलीमागे १००० च्या खाली आला की औषध लागू आहे. वर असेल तर औषधाला दोष देण्याआधी वाटी, सिरिंज आणि वजन तपासायचं. वाटी विसळली जात नव्हती, सहा किलो होऊनही अर्धीच गोळी चालू होती, किंवा आई कामावर जायला लागल्यापासून देणारी व्यक्ती बदलली होती, यातलं काहीतरी बहुधा निघतंच. दुरुस्ती करून तीन महिने नीट औषध, मग पुन्हा तपासणी.

आणि रिपोर्टवर विषाणू 'आढळला नाही' आला की बाप विचारतो, "मग आता बंद करायचं का?" अमेरिकेत मिसिसिपीमध्ये २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला ३० तासांच्या आत औषध सुरू झालं होतं. दीड वर्षाचं असताना ते थांबलं, आणि तरी २७ महिने विषाणू सापडला नाही. जगभर बरं झाल्याच्या बातम्या आल्या. २०१४ च्या जुलैमध्ये विषाणू परत आला. तो पेशींमध्ये दडून बसतो आणि लवकरच्या औषधाने तो साठा लहान राहतो, संपत नाही. विचारणाऱ्या प्रत्येक बापाला आम्ही या बाळाबद्दल सांगतो.

दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या ट्रकमध्ये बाळही असतं. फडावरच्या कोपीत फ्रिज नसतो, म्हणून त्या कडू सिरपच्या काळात थंडीचे ते चार-पाच महिने हातचे जायचे. गोळी कोपीतही टिकते, डबीचं झाकण घट्ट लावलं म्हणजे झालं. निघण्याआधी कारखान्याचं गाव विचारून जवळच्या एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्राची, किंवा त्याला जोडलेल्या लिंक केंद्राची चिठ्ठी द्यायची. वहीत औषधाचं नाव, गोळीची ताकद, शेवटचं वजन, आणि 'सहा किलो झाले की दीड' हे ठळक अक्षरांत. १०९७ या मोफत क्रमांकावरूनही जवळचं केंद्र कळतं. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परतते तेव्हा बाळ बसायला, रांगायला लागलेलं असतं, आणि आई वही पुढे करते. वही आम्ही नंतर उघडतो. आधी वाळे काढून बाळ तराजूवर.